कलाकला : एका मोटारवाहू नौकेचे तीन जन्म

खाऱ्या पाण्यात सतत वावरणारे पोलादी जहाज साधारणपणे पंचवीस-तीस वर्षे काम देते. त्यानंतर दुरुस्तीचा खर्च मिळकतीस भारी होऊ लागतो आणि मालक त्यास भंगारात काढतो. या हिशेबाने, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १९२६ साली पाण्यात उतरलेल्या एका प्रवासी नौकेचे आयुष्य १९५५ च्या सुमारास संपावयास हवे होते. प्रत्यक्षात तिचा पोलादी कोठा २०१५ सालापर्यंत टिकला. मधल्या ८८ वर्षांत ती आगीत सापडली, नवे रूप आणि नवे नाव घेऊन मोटारी वाहू लागली, निवृत्त झाल्यावर दूरच्या एका बेटावर मासळीचा कारखाना होऊन चिखलात रुतून बसली आणि अखेर तेथूनही बाहेर काढली गेली. लोकांच्या स्मरणात राहिलेले तिचे नाव ‘कलाकला’ असे आहे.

मोटारवाहू नौका म्हणजे आपल्याकडे जिला तर अथवा फेरीबोट म्हणतात तिचाच मोठा प्रकार होय. तिच्या मुख्य डेकच्या टोकास रुंद दार असते. धक्क्यावरून मोटारी आपल्याच चाकांवर सरळ आत येतात आणि पलीकडच्या किनाऱ्यास तशाच बाहेर पडतात. यारीने माल चढविण्या-उतरविण्याचा खटाटोप तिच्यात नसतो. मात्र या सोयीपायी एक सबंध मजला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आडभिंतींवाचून मोकळा ठेवावा लागतो. हा मोकळा मजला वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण कलाकलाच्या पुढील आयुष्यात त्याचा संबंध वारंवार येणार आहे.

पेराल्टा

सॅन फ्रान्सिस्को शहर आणि ओकलंड शहर यांच्यामध्ये एक विस्तीर्ण खाडी आहे. तिच्यावर पूल नव्हता तेव्हा ओकलंडच्या बाजूने विजेच्या गाड्या समुद्रात दूरवर बांधलेल्या धक्क्यापर्यंत येत आणि तेथून प्रवासी नौकेत बसून सॅन फ्रान्सिस्कोस जात. ‘की सिस्टिम’ या वाहतूक कंपनीने या कामासाठी ओकलंड येथील जहाजबांधणीच्या कारखान्यात दोन जुळ्या नौका बांधून घेतल्या. त्यांतील एक ‘पेराल्टा’. तिची लांबी सुमारे ८४ मीटर होती. वाफेच्या टर्बाइनने वीज निर्माण करावयाची आणि त्या विजेवर मोटर चालवून पंखे फिरवावयाचे, अशी तिची रचना होती. तिच्यात मोटारींना जागा नव्हती. ती केवळ माणसांची नौका होती.

पेराल्टाचे भाग्य पहिल्यापासून थोडे वाकडेच. १९२८ च्या फेब्रुवारीत प्रवाशांनी भरलेल्या या नौकेची पुढची बाजू चालता चालता पाण्यात दबली. लाट डेकवर चढली आणि तेथे उतरण्याच्या तयारीत उभे असलेले प्रवासी पाण्यात ओढले गेले. त्यांपैकी पाच जण बुडाले. जहाजाचा तोल राखण्यासाठी तळच्या टाक्यांत पाणी भरतात आणि माणसांच्या व मालाच्या वजनानुसार ते मागे-पुढे फिरवितात. धक्का जवळ येताच प्रवासी पुढच्या टोकास गर्दी करतात, म्हणजे तेथील भार वाढतो. अशा वेळी पुढच्या टाक्याही भरलेल्या असल्या, तर नाळ नेहमीपेक्षा खोल जाते. नाळ खोल गेली, की वेगामुळे समोर उठणारी लाट तिच्यावरून सहज वाहू शकते. सपाट आणि मोकळ्या डेकची ही दुसरी बाजू आहे. एकदा पाणी वर आले, की त्यास अडविणारे तेथे काही नसते.

पाच वर्षांनी, ६ मे १९३३ रोजी, ओकलंडच्या धक्क्यास मोठी आग लागली. पेराल्टा तेथेच बांधलेली होती. तिचा वरचा सर्व इमला, म्हणजे प्रवाशांच्या खोल्या, छपरे व सुकाणूघर, जळून गेला आणि पोलादी तुळया वेड्यावाकड्या होऊन लोंबू लागल्या. परंतु पाण्यातील कोठा, ज्यास जहाजबांधणीत काया म्हणतात, तो शाबूत राहिला. याचे कारण साधे आहे. पोलाद सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत तापले, की त्याचे निम्म्याहून अधिक बळ जाते. म्हणूनच आगीत लोखंडी इमारती न जळताही कोसळतात. उलट, ज्या पत्र्याची एक बाजू सतत थंड समुद्राच्या पाण्यास टेकलेली आहे, त्याची उष्णता पाणी ओढून घेते आणि तो फारसा तापतच नाही. पाण्याने भरलेले पातेले चुलीवर ठेवले असता ते वितळत नाही, त्यातलाच हा प्रकार.

विमा कंपनीच्या दृष्टीने आता ही नौका राहिलेली नव्हती. ‘की सिस्टिम’लाही तिची गरज उरली नव्हती. त्याच वर्षी जुलैमध्ये खाडीवरील पुलाच्या कामास प्रारंभ झाला होता. तो पूल १९३६ च्या नोव्हेंबरात खुला झाला आणि नंतरच्या काही वर्षांत त्या खाडीतील बहुतेक नौकांवर बेकारीची पाळी आली. मात्र एका ठिकाणच्या पुलाने निरुपयोगी ठरविलेल्या नौका दुसऱ्या, पूल नसलेल्या ठिकाणी उपयोगी पडतात. सुमारे हजार किलोमीटर उत्तरेस, सिअॅटल शहराजवळील प्यूजेट साउंड या बेटा-बेटांच्या खोल खाडीत नौकांची कंपनी चालविणारे अलेक्झांडर पीबॉडी यांनी हे ओळखले. १९३३ च्या शरद ऋतूत त्यांनी पेराल्टाची जळकी काया विकत घेतली आणि टगने ओढून उत्तरेस नेली.

रुपेरी पक्षी

सिअॅटल शहरालगत लेक वॉशिंग्टन नावाचे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. १९१७ सालापासून एक कालवा आणि पाण्याची पातळी चढविणारे-उतरविणारे दरवाजे यांनी ते समुद्रास जोडलेले आहे. या सरोवराच्या काठी हॉटन येथील कारखान्यात पेराल्टाची काया आणण्यात आली. तिची मागची-पुढची दोन्ही टोके पूर्वी सारखीच होती. आता एकच दिशा ठरली. पुढे मोटारींसाठी दारे झाली, मागे एकच मोठा पंखा बसला. वाफेची सर्व यंत्रणा काढून टाकून तिच्या जागी ३,००० अश्वशक्तीचे, दहा सिलिंडरांचे डीझेल एंजिन बसविण्यात आले. काया १९२६ सालचीच राहिली. तिच्यावर जे चढविले गेले ते मात्र पूर्वी कोणी पाहिलेले नव्हते.

बोइंग या विमान कंपनीतील लुई प्रॉक्टर या तंत्रज्ञाने नव्या इमल्याचा आराखडा सुचविला. कोठेही कोपरा नाही, सर्वत्र गोलाई, खिडक्यांच्या जागी गोल झरोके, आणि वरून खालपर्यंत अॅल्युमिनियमचा रुपेरी रंग. विमानाचा धड पाण्यावर तरंगत असावा, तसे तिचे रूप दिसे. हा घाट साध्य होण्याचे श्रेय विद्युत् वितळजोडास द्यावयास हवे. त्यापूर्वी जहाजाचे पत्रे रिव्हेटांनी जोडीत. दोन पत्र्यांच्या कडा एकमेकांवर चढवावयाच्या, ओळीने भोके पाडावयाची, लाल तापलेले रिव्हेट त्यांतून घालून दोन्हीकडून ठोकावयाचे. या रीतीत पोलाद अधिक लागते, वजन वाढते आणि वक्र पृष्ठभागावर काम अवघड होते. वितळजोडात पत्र्यांच्या कडा समोरासमोर आणून विद्युत्-ज्योतीच्या उष्णतेने वितळवितात आणि थंड होताच त्या एकजीव होतात. ही पद्धत अगदी नवी नव्हती. इंग्लंडात १९२० सालीच संपूर्ण वितळजोडाचे एक लहान समुद्रगामी जहाज, ‘फुलागर’, पाण्यात उतरले होते. परंतु एवढ्या मोठ्या प्रमाणावर, आणि तेही अशा वळणावळणांच्या इमल्यात, तिचा उपयोग अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर नवलाचाच होता. म्हणजे खालचा भाग रिव्हेटांचा व वरचा वितळजोडाचा, अशी एकाच जहाजात जहाजबांधणीची दोन युगे एकत्र आली.

१९३५ च्या जुलैमध्ये नौका सेवेत आली. त्या किनाऱ्यावरील मूळ रहिवासी, फ्रेंच आणि इंग्रज व्यापारी यांच्या मेळातून तयार झालेल्या चिनूक नावाच्या व्यापारी बोलीत ‘कलाकला’ म्हणजे पक्षी. तेच नाव तिला देण्यात आले. तिच्यात २,००० प्रवासी व ११० मोटारी मावत. नालेच्या आकाराची जोडकमान असलेला अल्पोपाहाराचा कट्टा, नृत्याची सोय, पलीकडील गोदीतून थकून येणाऱ्या कामगारांसाठी स्नानाचे फवारे, असा सर्व थाट तिच्यात होता.

विमानाच्या धाटणीच्या या आकाराचा वेगास उपयोग झाला काय? प्रवाहरेखित आकार म्हणजे ज्यावरून हवा अथवा पाणी भोवरे न करता सुरळीत घसरते तो आकार. वस्तूच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात हवेचा रोध वाढतो. ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानास जो रोध होईल, त्याच्या शंभरावा हिस्सा रोध त्याच आकाराच्या वस्तूस ताशी ३० किलोमीटर वेगाने जाताना होतो. कलाकलाचा वेग सुमारे १७ नॉट, म्हणजे ताशी ३१ किलोमीटर होता. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. नौकेची खरी झटापट पाण्याशी असते, आणि पाण्याखालचा तिचा आकार तर जुन्या पेराल्टाचाच होता. तेव्हा रुपेरी गोलाईने तिच्या वेगात म्हणण्यासारखी भर पडली नाही. तो आकार डोळ्यांसाठी होता. महामंदीच्या त्या वर्षांत लोकांना भविष्यकाळाचे चित्र दाखविणारी वस्तू हवी होती. ती पाहण्यासाठी ते तिकीट काढून येत, आणि मालकाच्या दृष्टीने तेवढे पुरेसे होते.

या रूपाची किंमत मात्र नौका चालविणाऱ्यांना मोजावी लागली. सुकाणूघर गोल इमल्यात मागे सरकलेले होते आणि त्याच्या झरोक्यांतून नाळेचे टोक नीट दिसत नसे. धक्क्यास लागताना कप्तानास अंदाजावर विसंबावे लागे आणि धक्क्यांना तिच्या टकरी अनेकदा बसल्या. नाळेतील दारे अरुंद असल्याने मोटारी चढण्या-उतरण्यास वेळ लागे. याहून मोठी तक्रार कंपनांची होती. एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरातील स्फोटाबरोबर दांड्यास एक हिसका बसतो. पंख्याचे पाते कायेजवळून जाताना पाण्याचा एक धक्का पत्र्यावर आदळतो. या हिसक्यांची लय आणि पोलादी सांगाड्याची स्वाभाविक लय एकमेकींस जवळ आल्या, तर लहान हिसक्यांतून मोठे हेलकावे निर्माण होतात. झोपाळ्यास योग्य वेळी दिलेला हलका झोका जसा त्यास उंच नेतो, तसाच हा प्रकार आहे. एका यंत्रणेसाठी बांधलेल्या कायेत निराळ्या जातीचे, पंख्याच्या दांड्यास थेट जोडलेले भले थोरले एंजिन बसविल्यावर असे होण्यास वाव राहतोच. नौकेवर कॉफीचे पेले अर्धेच भरीत, अशी आठवण तिचे जुने प्रवासी सांगत असत.

तथापि काम तिने चोख केले. सिअॅटल ते ब्रेमर्टन हा सुमारे तासाभराचा तिचा नेहमीचा मार्ग होता. ब्रेमर्टन येथे अमेरिकन आरमाराची मोठी गोदी आहे. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर येथे मार खाल्लेल्या आठ युद्धनौकांपैकी पाच या गोदीत दुरुस्त झाल्या. त्या कामावरील हजारो कामगार रात्रंदिवस पाळ्यांनी खाडी ओलांडीत आणि त्यांना नेणाऱ्या नौकांत सर्वांत मोठा वाटा कलाकलाचा होता. ऐषआरामाची नौका म्हणून जिची जाहिरात झाली, तिला युद्धकाळात ‘प्यूजेट साउंडचा कामाचा घोडा’ असे नाव पडले.

प्यूजेट साउंडवर धुके दाट पडते. पूर्वी कप्तान भोंगा वाजवून किनाऱ्यावरून येणाऱ्या प्रतिध्वनीस किती सेकंद लागले ते मोजीत आणि त्यावरून अंतर ठरवीत. रडार हे त्याच कल्पनेचे विकसित रूप. आवाजाऐवजी रेडिओ लहरींचे स्पंद सोडावयाचे आणि परत आलेल्या लहरींवरून अडथळ्याची दिशा व अंतर पडद्यावर पाहावयाचे. युद्धकाळात हे यंत्र सैनिकी गुपित होते. १९४६ साली ते कलाकलावर बसविण्यात आले आणि व्यापारी नौकेवरील रडारचा पहिल्या क्रमांकाचा परवाना अमेरिकेच्या सरकारने तिला दिला. झरोक्यांतून नाळही न दिसणाऱ्या नौकेस हे साधन सर्वप्रथम मिळावे, हा योगायोग मौजेचा खरा.

१९५१ साली वॉशिंग्टन राज्याने या खाडीतील नौकावाहतूक आपल्या ताब्यात घेतली आणि कलाकला सरकारी झाली. १९५५ ते १९५९ या काळात उन्हाळ्यात ती पोर्ट एंजल्स येथून कॅनडातील व्हिक्टोरियास जात असे. परंतु तिचे दिवस भरत आले होते. तिचा मोकळा मजला १९३५ सालच्या मोटारींच्या मापाने आखलेला होता. युद्धानंतर मोटारी लांबरुंद झाल्या आणि पूर्वीइतक्या मावेनाशा झाल्या. १९६७ साली ‘हायाक’ ही पहिली, तिच्याहून पुष्कळ अधिक मोटारी घेणारी नवी नौका ब्रेमर्टनच्या मार्गावर आली. त्याच वर्षी कलाकलाची सेवा संपली.

खेकड्यांचा कारखाना

अलास्काच्या दक्षिणेस कोडियाक नावाचे बेट आहे. २७ मार्च १९६४ रोजी झालेल्या ९.२ प्रतीच्या भूकंपाने आणि त्यामागोमाग आलेल्या त्सुनामीने तेथील बंदर आणि किनाऱ्यावरील मासळीचे कारखाने उद्ध्वस्त झाले. त्याच काळात त्या समुद्रातील किंग क्रॅब नावाच्या प्रचंड खेकड्यांची पकड शिगेस पोचली होती. खेकडा मेला, की त्याचे मांस झपाट्याने बिघडते. त्यामुळे तो जिवंतच कारखान्यात आणून लगेच उकडावा लागतो आणि गोठवावा अथवा डब्यात भरावा लागतो. म्हणजे कारखाना पकडीच्या जागेजवळ पाहिजे. दुर्गम, थंड आणि भूकंपाने हादरलेल्या किनाऱ्यावर नवी इमारत उभारण्यापेक्षा तयार जहाजच ओढत आणून ठेवणे कमी खर्चाचे आणि त्वरेचे होते. दुसऱ्या महायुद्धात घाईघाईने बांधलेल्या ‘लिबर्टी’ जातीच्या मालवाहू जहाजांपैकी एक, ‘अल्बर्ट एम. बो’, याच रीतीने ‘स्टार ऑफ कोडियाक’ या नावाचा मासळी कारखाना झाले.

कलाकलाही या कामासाठी विकली गेली आणि १९६८ साली अलास्कास ओढून नेण्यात आली. मोटारींचा मोकळा मजला येथे पुन्हा कामास आला. जेथे ११० मोटारी उभ्या राहत, तेथे आता खेकडे धुण्याच्या, उकडण्याच्या व सोलण्याच्या यंत्रांच्या रांगा लागल्या. कारखान्यास जे पाहिजे, म्हणजे खांबभिंतींचा अडथळा नसलेली लांब जागा, वर छप्पर आणि खाली जड यंत्रांचा भार सोसणारी जमीन, ते सर्व मोटारवाहू नौकेत आयते असते. तरंगता कारखाना म्हणून काही काळ काढल्यावर १९७० साली तिला कोडियाक शहराजवळच्या गिब्सन कोव्ह या आखातात भरतीच्या वेळी किनाऱ्यावर चढविण्यात आले. सभोवार खडीमातीचा भराव घालण्यात आला. आता ती जहाज राहिली नाही, इमारत झाली. येथे कोळंबीवर प्रक्रिया होऊ लागली. नृत्याच्या दालनाचा, उपाहाराच्या कट्ट्याचा आणि गोल झरोक्यांचा तेथे काही उपयोग नव्हता. कारखान्याच्या सोयीप्रमाणे आत भिंती उभ्या राहिल्या, पत्रे कापले गेले आणि नव्या वाटा पाडल्या गेल्या.

जुन्या वस्तूंच्या चाहत्यांना ही तिची विटंबना वाटली, आणि ती भावना समजण्यासारखी आहे. परंतु एक गोष्ट विसरता येत नाही. प्यूजेट साउंडवर राहिली असती, तर १९६७ नंतर लवकरच ती भंगारात गेली असती. कारखाना झाल्यामुळे ती आणखी तीस वर्षे उभी राहिली. चिखलात रुतलेल्या तिच्या तळास त्याचा फायदाही झाला. लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि ऑक्सिजन या दोहोंची गरज असते. दाट चिखलात ऑक्सिजन फारसा पोचत नाही, म्हणून तेथे गंज सावकाश चढतो. सर्वाधिक हानी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आणि खाऱ्या फवाऱ्यात होते, कारण तेथे पत्रा कधी ओला, कधी उघडा असतो. तेव्हा १९२६ सालचा जाड तळ बराचसा टिकला आणि १९३५ सालचा पातळ, वळणदार इमला मात्र छिद्राछिद्रांचा झाला. सुंदर भाग आधी गेला.

कोडियाकचे खेकडेही फार काळ टिकले नाहीत. पकड घसरत घसरत १९८३ पासून तेथील किंग क्रॅबची मासेमारी बंद करावी लागली. कोळंबीचे पीकही १९७० नंतरच्या दशकात ओसरले. त्या काळात समुद्राचे पाणी थोडे उबदार झाले होते आणि पकड तर बेसुमार चालू होती. ज्या कारणासाठी नौका बेटावर आली होती, तेच नाहीसे झाले. आखातातला रुपेरी कारखाना रिकामा पडला.

घरी परत

१९८४ साली सिअॅटलचे शिल्पकार पीटर बेव्हिस यांनी तिला तेथे पाहिले. ते धातूचे ओतकाम करणारे कलावंत. गंजलेल्या पत्र्याआड कोणती नौका आहे, हे त्यांना कळले आणि तिला घरी नेण्याचा त्यांनी ध्यास घेतला. त्यासाठी एक संस्था स्थापन झाली, वर्गण्या जमल्या, स्वयंसेवक कोडियाकला गेले. अनेक वर्षे हे काम चालले होते.

रुतलेले जहाज तरंगविणे वाटते तितके सोपे नसते. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे वस्तू जेवढे पाणी दूर सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके बळ तिला वर उचलते. परंतु हे बळ खालून येणाऱ्या पाण्याच्या दाबाने मिळते. तळ चिखलास चिकटून बसला असेल, तर पाण्यास खाली शिरावयास वाव नसतो आणि जहाज जागचे हलत नाही. त्यासाठी भोवतीचा भराव उकरावा लागतो, आतला चिखल व गाळ उपसून वजन कमी करावे लागते, छिद्रे बुजवावी लागतात आणि मग मोठ्या भरतीची वाट पाहावी लागते. १९९८ च्या जूनमध्ये हे साधले. अठ्ठावीस वर्षांनी कलाकला पाण्यावर हलली. नंतर टगने तिला अलास्काच्या आखातातून दोन हजारांहून अधिक किलोमीटर ओढीत आणले आणि नोव्हेंबरात ती सिअॅटलला पोचली. ज्यांनी लहानपणी तिच्यातून प्रवास केला होता, ते वृद्ध लोक तिला पाहण्यासाठी किनाऱ्यावर जमले होते.

पुढची कहाणी कष्टाची आहे. तिला शहरातील लेक युनियन या गोड्या पाण्याच्या सरोवरात बांधून ठेवण्यात आले. हे तिच्या तळास मानवणारे होते, परंतु वरच्या इमल्यावर सिअॅटलचा पाऊस पडतच होता. जहाज समुद्रात असो की गोदीत, त्याचा खर्च थांबत नाही. बांधून ठेवण्याचे भाडे, गळणारे पाणी उपसणारे पंप, विमा, पहारा. दुरुस्तीस लागणारी रक्कम या सर्वांहून कितीतरी मोठी होती. कोडियाकला तिला सांभाळणारा एक धंदा होता. सिअॅटलला केवळ प्रेम होते, आणि प्रेमातून दरमहा पैसा उत्पन्न होत नव्हता. २००३ साली संस्थेचे दिवाळे निघाले आणि नौका लिलावात विकली गेली. पुढल्या वर्षी तिला सिअॅटल सोडावे लागले आणि ती अखेर टॅकोमा शहराच्या एका औद्योगिक खाडीत जाऊन पोचली. तेथे तिचा एक कुशीस कल वाढू लागला. ती बुडाली, तर खाडीतील वाहतूक बंद पडेल, म्हणून २०११ साली तटरक्षक दलाने तिला नौकानयनास धोकादायक ठरविले.

२०१५ च्या जानेवारीत तिला टॅकोमा येथील कोरड्या गोदीत घेण्यात आले. कामगारांनी प्रथम वितळजोडाचा इमला ज्योतीने कापला. एकेकाळी हवेची खुशामत करण्यासाठी वळविलेले पत्रे आता गोदीच्या फरशीवर ढिगाने पडू लागले. नंतर ओकलंडला रिव्हेटांनी जोडलेली काया आली. आग, युद्ध आणि चिखल यांतून निभावलेली ती काया काही आठवड्यांत तुकडे होऊन संपली.

सारे तुकडे मात्र भट्टीत गेले नाहीत. सुकाणूघर आणि काही मोठे भाग सिअॅटलच्या पश्चिमेस समुद्रकाठी असलेल्या एका उपाहारगृहाच्या मालकांनी विकत घेतले. काही भाग कर्कलंड शहराच्या नगरपालिकेने घेतले. १९३५ साली कलाकलाने रुपेरी रूप घेतले ते हॉटन आज याच शहराचा भाग आहे.